बाकुलीची नडगी

१

आमच्या दवाखान्यात एक्स-रेची खोली तळघरात आहे. डोंगरातल्या आमच्या आंत्सिराबे शहराची थंडी तशीही अंगाला झोंबते, त्यात तळघर म्हणजे विचारूच नका. सकाळी आले की मी आधी हीटर लावते, मग मशीन तापायला ठेवते, मग करपवलेल्या भाताचं गरमागरम पाणी कपभर पिते आणि मगच दार उघडून ओरडते, "पहिला कोण?" पेशंट मला घाबरतात. घाबरू देत. घाबरलेला माणूस हलत नाही आणि फिल्म स्वच्छ येते.

त्या सकाळी बाकावर पहिली बसली होती बाकुली, माझी सख्खी धाकटी बहीण.

"तू काय करतेस इथे?"

"नडगी ठणकतेय गं ताई. डावी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"पडलीस कुठे?"

"नाही."

"हाजाने मारलं?"

"ताई! काहीतरीच काय? माझा नवरा झुरळ मारत नाही."

"विचारायला नको? बरं, दिवसबिवस गेले नाहीत ना?"

तिचा चेहरा पडला. "आता तू पण?"

"अगं बाई, हे मी सगळ्यांनाच विचारते. पोटात मूल असेल तर एक्स-रे काढत नाहीत."

"नाहीयेत. कालच पाळी आलीय," ती म्हणाली आणि मुकाट्याने टेबलावर चढली.

लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि तिची कूस काही उजवत नव्हती. सासू तिला 'वाळकं झाड' म्हणायची, तेही पाहुण्यांदेखत. बाबा गेले तेव्हा बाकुली दुपट्यात होती. नेनी, म्हणजे आमची आई, दिवसभर शेतावर. त्यामुळे ह्या पोरीला न्हाऊमाखू घालून मीच मोठी केली. तिला कोणी बोललं की माझ्या पायाची आग मस्तकात जाते.

आमच्याकडे अजूनही फिल्म हाताने रसायनात धुवावी लागते. अंधाऱ्या खोलीत लाल दिवा, टाकीत ठिबकणारं पाणी, आणि हळूहळू काळ्यावर उमटणारं पांढरं हाड. हे मी इतकी वर्षं बघतेय की हात आपोआप चालतात. फिल्म उचलून दिव्यासमोर धरली आणि हात तसाच राहिला.

नडगीचं हाड मोडलेलं होतं. आता नाही, फार पूर्वी. मोडून, एकावर एक चढून, वाकडंच जुळलेलं. जुळल्या जागी गाठ. ते कोणी बसवलं नव्हतं, प्लॅस्टर केलं नव्हतं. असं हाड घेऊन माणूस जन्मभर लंगडतो.

माझी बहीण सणासुदीला सगळ्यांत पुढे नाचते.

मी बाहेर आले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. नडगी सरळ होती. गाठ नाही, उंचवटा नाही, काही नाही.

२

"फिल्म बदलली असणार, हांताबाई," डॉक्टर त्सिरी म्हणाले. तरुण आहेत, चांगले आहेत, पण तोंडाला येईल ते बोलतात.

"माझ्या हातून? आज सकाळपासून एकच पाय आलाय खोलीत. बदलू कुणाशी?"

"मग पुन्हा काढा."

पुन्हा काढली. या वेळी बाकुलीची अंगठी तिच्या घोट्याला दोऱ्याने बांधली, म्हणजे शंकाच नको. फिल्मवर अंगठी आली, आणि तिच्या वर ती गाठही आली.

लहानपणी तिला काही झालं असेल आणि आपण विसरलो असू, असं मनाशी म्हणत मी नेनीला फोन लावला.

"बाकुली? तिला मेलीला कधी खरचटलंसुद्धा नाही," नेनी म्हणाली. "पेरूवरून पडायचीस ती तू. आणि फोन केलाच आहेस तर ऐक. ऑगस्टात पूर्वजांना थडग्यातून काढून त्यांची कूस पालटली तेव्हा घरची सगळी होती, एक तू सोडून."

"नेनी, दुसरा टेक्निशियन आजारी होता. ड्यूटी होती मला."

"हो, हो. पूर्वजांना सांगते तसं."

मग सुरू झाल्या तपासण्या. रक्त झालं, लघवी झाली, थुंकी झाली. हाडांचा क्षय नाही. जीवनसत्त्वं ठीक. कुठल्या कुठल्या गावांत विहिरीच्या पाण्याने हाडं धरतात, म्हणून डॉक्टरांनी बाकुलीच्या घरचं पाणी तपासायला पाठवलं. पाणी चांगलं. मी तिची गादी बदलली, चपला बदलल्या. दिवसभर मान घालून भरतकाम करते म्हणून तिला उंच खुर्ची आणून दिली. एकेका कारणावर मी मोठ्या आशेने बोट ठेवायचे आणि रिपोर्ट आला की ते बोट उचलायचे.

दुखणं मात्र जागचं हललं. नडगीतून मांडीत गेलं, मांडीतून कमरेत, मग बरगड्यांत. ते पसरलं असतं तर समजण्यासारखं होतं. हे एका हाडातलं काम उरकून दुसऱ्यात जात होतं. पहिलं हाड मग दुखायचं नाही.

एका दुपारी तिच्याकडे बसले होते. सासू बाजारात, हाजा कामावर, घरात शांत. बाकुली चहा टाकायला पलंगावरून उठली आणि मला आवाज ऐकू आला. सांधे कडकडतात तसा नव्हता. वाळलेल्या शेंगा पोत्यात हलवाव्यात तसा कोरडा खडखडाट, आणि तो तिच्या अंगातून येत होता.

"हे काय वाजलं गं?"

"कुठे काय वाजलं?"

ती चुलीपर्यंत गेली. प्रत्येक पावलाला आवाज. ती आपली गुणगुणत होती.

जुन्या घराची जमीन लाकडी असते, फळ्या वाजतात, असं मी स्वतःला सांगितलं. घरी जाताना रस्त्यात आठवलं की तिच्या स्वयंपाकघराची जमीन सिमेंटची आहे.

३

ऑक्टोबर सरता सरता दुखणं बोटांत आलं. तिला सुई धरवेना. अर्धवट भरलेला टेबलक्लॉथ मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहायची.

हाताची फिल्म काढायचं मी टाळत होते, खरं सांगते. डॉक्टर म्हणाले म्हणून काढली. लाल दिव्यात ती उमटायला लागली तेव्हा मी आधी भिंतीकडे बघत उभी राहिले. टाकीचं पाणी ठिबकत होतं.

माझा धंदाच हाडांचा आहे. नाव-गाव झाकून फिल्म द्या, माणसाचं वय सांगते. हा हात सत्तरीच्या पुढचा होता. सांधे झिजलेले, हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यागत, आतलं सगळं विरळ. आणि हाडं लांब. बाकुलीचा हात माझ्यापेक्षा लहान आहे, तिला माझ्या बांगड्या सैल होतात. हा हात तिच्या हातात मावणाराच नव्हता.

डॉक्टर त्सिरींनी फिल्म पाहिली. मग बाहेर बाकावर बसलेल्या बाकुलीकडे पाहिलं. ती शेजारच्या बाईच्या पोराला गुदगुल्या करत होती.

"राजधानीला पाठवू," ते म्हणाले. "तिथे मोठं मशीन आहे."

"तिथे काय दिसेल?"

"मला माहीत नाही हो, हांताबाई." पहिल्यांदाच ते असं बोलले. आमच्यासारख्यांना डॉक्टरांच्या तोंडून हेच ऐकायचं नसतं.

राजधानीला जायची तयारी झाली, आणि जायच्या आधी बाकुली माझ्या तळघरात आली. हातात काठी, चेहरा असा फुललेला की मी बघतच राहिले.

"ताई, आता तू एक्स-रे काढायचा नाहीस. कुणीच काढायचा नाही."

"म्हणजे?"

ती हसली आणि रडायला लागली. मीही तिला मिठी मारून रडले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला काही म्हणता काही आठवलं नाही, ना गाठ, ना तो हात. मिठी सैल करताना तिच्या पाठीत खडखडलं, तेव्हा आठवलं.

४

दिवस गेल्याचं कळल्यापासून सासू बदललीच. पहिलं ताट बाकुलीला, मासळीचा मधला तुकडा बाकुलीला, आणि 'वाळकं झाड' हे शब्द कधी उच्चारलेच नव्हते अशी मुद्रा. बाकुली दोन काठ्या घेऊन घरभर फिरायची. आता दुखणं पाठीच्या मणक्यांत होतं.

"दुखू दे," ती म्हणायची. "बाळ आलं की दुखलेलं कोण लक्षात ठेवतं?"

मला मात्र धास्ती बसली होती. ही पोर जगते की नाही, आणि तिच्या पोटात जे आहे ते कसं येईल, याशिवाय मला दुसरा विचार सुचत नव्हता.

चादरी बदलायला गेले तेव्हा तिच्या गादीखाली चटईचा तुकडा सापडला. जुना, काळपट, मातीचा वास येणारा. त्यात नवल नव्हतं. पूर्वजांना थडग्याबाहेर काढून नव्या कापडात गुंडाळतात तेव्हा जुन्या चटईचे तुकडे बायका ओढून नेतात आणि मूल होण्यासाठी गादीखाली ठेवतात. शिकल्यासवरलेल्याही नेतात. मी त्यावर हसते, पण तोंड फिरवून.

"कुणाच्या चटईचा?" मी विचारलं.

"सगळ्या पणजीच्या चटईवर तुटून पडल्या. तिला चौदा मुलं ना! मारामारी चाललेली नुसती. मला कोण पुढे जाऊ देतंय?" ती म्हणाली. "मग मी कोपऱ्यातल्याची घेतली."

"कोपऱ्यातला कोण?"

"नाव नाही त्याला. कापडावरची शाई उडून गेलेली. नेनीलाही आठवेना. कुणी त्याच्यासाठी कापडच आणलं नव्हतं, ताई. सगळे आपापल्या माणसांना नव्या रेशमात गुंडाळून खांद्यावर घेऊन नाचतायत, बँड वाजतोय, आणि हा एकटा उन्हात फाटक्यात पडलेला. मला बघवेना. मी त्याला मांडीवर घेतलं आणि माझी शाल गुंडाळली."

"कुठली शाल?"

"अंगावरची. निळी."

मी पलंगावर बसले. का बसले ते मलाही सांगता आलं नसतं.

"त्याच्या पायाचं एक हाड मध्येच जाड होतं," बाकुली उशीला अभ्रा घालत म्हणाली. "वाकडं. कुणी नीट बसवलंसुद्धा नाही बिचाऱ्याचं."

"कुठला पाय?"

तिने अभ्रा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच आपली डावी नडगी हाताने झाकली.

"चटई फेकून देते मी," मी उठले.

"हात लावायचा नाही!" माझी गरीब बहीण, पण अशी ओरडली की मी दचकले. "ती काढलीस आणि माझं बाळ गेलं तर? तुझं तोंड बघणार नाही मी जन्मात."

चटई तिथेच राहिली.

नेनीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला. "अंगावरची? ऊब असलेली? अगं, मेलेल्याला नवं कापड देतात, घडी न मोडलेलं! जिवंत माणसाने पांघरलेलं कुणी देतं का? आणि वर त्याचं अंथरूण घरी आणून त्यावर निजली! मला एका शब्दाने विचारायचं नाही?"

"त्याने काय होतं, नेनी?"

"मला काय माहीत काय होतं! असं कधी कुणी केलंच नाही!"

शाल परत आणायची तर थडगं उघडायला हवं, आणि थडगं काही वाटेल तेव्हा उघडत नाहीत.

५

फेब्रुवारीत मोठी काकू वारली. तिला ठेवण्यासाठी घराण्याचं थडगं, म्हणजे जमिनीखालची दगडी खोलीच, उघडलं. पावसाचे दिवस, लाल चिखल, वर नुसतं भुरकट आकाश. भर दुपार होती, तरी दगडी दार सरकवल्यावर आतून येणारी हवा अशी गार होती की पुढे उभी असलेली माणसं मागे सरली. पोटुशी म्हणून बाकुलीला घरीच ठेवलं होतं.

नेनीने नवं कापड आणलं होतं, कोरं, दुकानाच्या घडीचं. तिने ते हाजाच्या हातात दिलं. "कोपऱ्यातल्याला ह्यात घे आणि शाल सोडवून आण. आणि जाताना त्याची माफी माग, बाबा."

काकूला ठेवून इतर माणसं वर आली. हाजा आतच राहिला. मी वरच्या पायरीवर उभी होते. आतून कापडाची सळसळ ऐकू आली, मग काही नाही. मग हाजाचा आवाज.

"हांताताई, जरा खाली या."

मी उतरले. आत दगडी फळ्यांवर आमची सगळी माणसं ओळीने निजलेली, ऑगस्टातली रेशमी कापडं अजून नवी. हाजाने बॅटरी कोपऱ्यावर धरली होती. निळी शाल तिथेच होती. बाकुलीने मारलेल्या गाठी तशाच होत्या, भरतकाम करणाऱ्या बाईच्या बारीक, घट्ट गाठी. एकही सुटलेली नव्हती.

शाल सपाट होती.

"आत काही नाही," हाजा म्हणाला. "उंदीर, नाही का ताई? उंदरांनी नेलं असेल."

"हो, उंदीरच," मी म्हणाले.

उंदराने नेलं तर कापडाला भोक हवं. ओलीने झिजलं म्हणावं तर सहा महिन्यांत हाडं विरघळत नाहीत, निदान भुगा तरी उरतो. मी वाकून शालीवर तळहात ठेवला. आम्हा दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती, पायाखालचा दगड बर्फासारखा होता. शाल कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

मी हात काढून घेतला आणि हाजाला म्हणाले, "राहू दे ती. वर चल."

आम्ही नेनीला काय ते सांगितलं. बाकुलीला सांगायचं नाही असं तिघांनी ठरवलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर दारात बाकुली उभी. काठ्या भिंतीला टेकवलेल्या.

"ताई, दुखायचं थांबलं! दुपारी एकदम थांबलं. बघ, बघ!" आणि तिने अंगणात गिरकी घेतली.

मी कान देऊन ऐकत होते. काहीसुद्धा खडखडलं नाही. हाजा आनंदाने रडायला लागला. मलाही आनंदच व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच विचार आला, आणि तो मी त्या रात्री कुणाला सांगितला नाही: तिच्या अंगातून ते गेलं, तर गेलं कुठे?

६

सोनोग्राफीही आमच्याकडे मीच करते. वरच्या मजल्यावरची लहान खोली, जाड पडदा, मशीनची घरघर. बाकुली मार्चमध्ये आली. गाल भरले होते, केसांत फूल माळलं होतं. डॉक्टर त्सिरी गावी गेले होते. त्यांची वाट बघू या, असं मी दोनदा म्हणाले.

"तू आहेस ना. मला तूच हवीस," ती म्हणाली आणि पोट उघडं करून निजली.

मी तिच्या पोटावर जेल लावलं, खिडकीचा पडदा ओढला. डोकं बघितलं, नीट. हृदय बघितलं, चारही कप्पे नीट, ठोके छान. पाठीचा कणा सरळ. माझा जीव भांड्यात पडला. मांडीचं हाड मोजलं, वयाला बरोबर. दोन्ही नडग्या सरळ, कोवळ्या, स्वच्छ. मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. काय बाई मी, इतकी वर्षं ह्या धंद्यात, आणि उंदराला घाबरले!

"ताई, मुलगा की मुलगी?"

"थांब जरा. हात बघू दे."

हात चेहऱ्यापाशी होता. मी पोटावरचा प्रोब जरासा तिरका केला आणि तो समोर आला. पाच बोटं, सुरेख.

जन्मलेल्या बाळाच्यासुद्धा मनगटात हाडं दिसत नाहीत. तिथे सगळं मऊ असतं, मशीनच्या पडद्यावर नुसता काळा भाग. मनगटाची हाडं नंतर काही महिन्यांनी एकेक करून धरायला लागतात, सगळी यायला दहा-बारा वर्षं जातात. त्यावरूनच तर आम्ही पोरांचं वय सांगतो.

ह्या मनगटात सगळी होती. पांढरी, ठळक, दाटीवाटीने बसलेली. आणि त्यांच्या कडा झिजलेल्या होत्या.

मी प्रोब दाबून धरला. बघता बघता तो हात वळला. बाळं हात झटकतात, तसा नाही. सावकाश वळला, बोटं एकेक करून उघडली, आणि माझ्या बाजूला तळवा करून थांबला.

"किती गोड हात आहे गं!" बाकुली मान वर करून पडद्याकडे बघत होती. गालांवरून पाणी वाहत होतं. "बघ ना ताई, मावशीला बोलावतंय!"

मी प्रोब पुन्हा हृदयाकडे नेला आणि आवाज मोठा केला. खोलीभर ठोके वाजायला लागले.

"सगळं नीट आहे ना?"

इतकी वर्षं तिने ऐकून घेतलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरांना काय सांगायचं, तिला काय सांगायचं, सांगून करणार काय, काहीच मला कळत नव्हतं.

"नीट आहे," मी म्हणाले. "एकदम नीट आहे, राणी."

ती हसली. लहानपणी ताप उतरला की हसायची तशीच. "दे तुझा हात," म्हणाली, आणि माझा हात धरून पोटावर ठेवला. "आता हलेल बघ. तू आलीस की नेहमी हलतं."

हललं. लाथ नव्हती ती. आतून माझ्या तळहाताला एक तळहात येऊन टेकला, आणि एकेक बोट माझ्या बोटांवर शोधत बसवायला लागला.

मी हात हिसडून घेतला.

बाकुलीचं हसू तिथेच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यापासून हात काढून घेतला होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने दोन्ही हातांनी पोट झाकलं, आणि टेबलावर माझ्यापासून जेवढं लांब सरकता येईल तेवढी लांब सरकली.